बुलढाणे जिल्ह्यातील ब्रिटिश मालमोटारी : काही साधने व काही आठवणी

वऱ्हाडच्या इतिहासाविषयी आजवर जे लेखन झाले, त्यात सिंदखेडचे जाधव, लोणारचे सरोवर व देवालये आणि खामगावचा कापूसबाजार यांस त्यांच्या योग्यतेनुसार स्थान मिळाले आहे. परंतु विसाव्या शतकात या जिल्ह्याच्या व्यापाराची वाट ज्या वाहनाने पालटली, त्या मालमोटारीची हकीकत लिहिण्याच्या भरीस फारसे कोणी पडलेले नाही. विषय क्षुद्र आहे अशी समजूत हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, या हकीकतीची साधने दप्तरखान्यात बांधून ठेवलेली नसून ती भंगाराच्या ढिगात, रद्दीत आणि वृद्ध मिस्त्र्यांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. ही तिन्ही ठिकाणे झपाट्याने रिकामी होत आहेत. म्हणून जे हाती आहे ते नमूद करून ठेवण्याचा हा अल्प यत्न आहे.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. हा जिल्हा निसर्गतः दुभंगलेला आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट मुलूख, ज्यास जुन्या कागदांत पाईनघाट म्हणतात. आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. आगगाडी आली ती पाईनघाटात. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही ठाणी मुंबई-नागपूर लोहमार्गावर आली आणि १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत फाटा झाला. तेथेच लोहमार्ग थांबला. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. जिल्ह्याचे ठाणे बुलढाणे हे मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० फुटांवर, मलकापूर ठाण्याहून २८ मैलांवर. चिखली व मेहकर हे दोन्ही तालुके घाटावर. तेथील कापूस, ज्वारी व तूर खाली उतरवावयाची तर राजूरच्या किंवा बोथ्याच्या घाटाने बंडी हाकीत न्यावी लागे. बैल थकत, पावसाळ्यात वाट बुडे आणि माल बाजारात पोहोचेपर्यंत भाव उतरलेला असे.

ही अडचण मोटारीने दूर केली. परंतु एकाएकी नव्हे. फोर्ड कंपनीने १९२६ साली व जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली, तेव्हापासून अमेरिकन बनावटीच्या लॉऱ्या देशात स्वस्त झाल्या. रस्त्यांचा प्रश्न सोडविण्याकरिता बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून दर गॅलन पेट्रोलमागे दोन आणे रस्त्यांच्या निधीत जमा होऊ लागले. पुढे मोटारी आगगाडीचे उत्पन्न खातात अशी ओरड झाली. मिचेल व किर्कनेस यांनी १९३३ साली त्याविषयी अहवाल दिला आणि १९३९ च्या मोटार कायद्याने भाड्याच्या गाडीस परवाना आवश्यक झाला. घाटावरच्या तालुक्यांत मात्र आगगाडीच नसल्यामुळे तेथे मोटार ही तिची वैरीण नसून तिला माल पुरविणारी बहीण होती. हा भेद न ओळखता साऱ्या देशास एकच अनुमान लावणे बरोबर होणार नाही.

आता ब्रिटिश गाड्यांविषयी. अमेरिकन गाड्या स्वस्त व दणकट असताना ब्रिटिश गाड्या येथे का याव्यात, असा प्रश्न साहजिक उद्भवतो. याचे उत्तर काही अंशी जकातीत आहे. १९३२ च्या ओटावा करारान्वये ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मोटारींस जकातीत साडेसात टक्क्यांची सवलत मिळाली. त्याच सुमारास, १९३१ साली, लूटन येथील व्हॉक्सहॉल कारखान्यातून बेडफर्ड ही मालमोटार निघू लागली होती. व्हॉक्सहॉल कंपनी १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची असल्यामुळे बेडफर्डचे सहा नळकांड्यांचे इंजिन शेव्हरोलेच्या धर्तीवरचे होते. ज्या मिस्त्रीचा हात शेव्हरोलेवर बसलेला असे, त्यास बेडफर्ड परकी वाटत नसे. नाव ब्रिटिश, जकात ब्रिटिश, पण घडण ओळखीची, असा हा तिहेरी लाभ होता.

दुसरी गाडी मॉरिस कमर्शियल. ही कंपनी बर्मिंगहॅमची. १९२४ साली तिने एक टनी गाडी काढली. या गाडीच्या बोल्टांची एक खोड मिस्त्रीमंडळींस चांगलीच छळीत असे. बोल्टाच्या माथ्यास विटवर्थचा इंग्रजी पाना अचूक बसे, पण त्याचे आटे इंग्रजी नसत. नट हरवला म्हणून दुसऱ्या इंग्रजी गाडीचा नट लावू गेल्यास तो दोन फेरे घेऊन अडे, आणि जोर केल्यास आटे मरत. याचे मूळ इतिहासात आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्यांनी पहिल्या महायुद्धात कॉव्हेंट्री येथे कारखाना घातला. त्याची यंत्रे फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरच्या मापाची होती. मॉरिसने तो कारखाना १९२३ साली विकत घेतला. यंत्रे तीच राहिली. म्हणून आटे फ्रेंच मापाचे व माथे इंग्रजी पान्याचे, असा संकर पुढे वर्षानुवर्षे चालला. चिखलीच्या रस्त्यावर नट न बसल्यामुळे खोळंबलेल्या मिस्त्रीस या युद्धकथेचा पत्ताही नसे; पण तिचा पुरावा त्याच्या हातात असे. ताम्रपट ज्याप्रमाणे वाचता येतो, त्याप्रमाणे बोल्टही वाचता येतो, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

या गाड्यांत सर्वात सोयीची ती ३० हंड्रेडवेटची, म्हणजे सुमारे ४१ पक्क्या मणांची. रुईच्या आठ गाठी तीत बसत. याहून मोठी गाडी तत्कालीन मोऱ्यांवरून व अरुंद वळणांवरून नेणे धोक्याचे होते. याहून लहान गाडीस भाडे परवडत नसे.

प्रस्तुत लेखकाच्या घरी अशी एक बेडफर्ड गाडी होती. १९६० नंतरच्या दशकात तिच्या निगराणीत शाळकरी वयात जे पाहिले ते असे. गाडी हँडल मारून सुरू करावयाची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, मुठीसारखा आवळावयाचा नाही. कारण इंजिनाने उलट झटका दिल्यास मनगट मोडे. हा पहिला धडा, आणि तो शिकल्यावाचून कोणासही हँडलास शिवू देत नसत. गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. घाट ज्या गियरमध्ये चढावा त्याच गियरमध्ये उतरावा, हा दुसरा धडा. ब्रेकवर भरवसा ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक अर्ध्या घाटात तापून निकामी होत. चढणीवर क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर धावे आणि गाडी दम टाकताच तो चाकाखाली सारी. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ नळीतच होऊन इंजिन बंद पडे. तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळून अर्धी बिडी होईपर्यंत स्वस्थ बसणे, हाच उपाय होता. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की शेजारच्या शेतातील पऱ्हाट्या उपटून चाकाखाली घालीत. आणि शेतकऱ्याची वाट पाहून त्यास सांगूनच पुढे जात.

गाडीच्या दुरुस्तीत खरी कसोटी बेअरिंगांची. तयार बेअरिंगे मिळणे दुरापास्त झाल्यावर मिस्त्री पांढरा धातू वितळवून स्वतःच ओतीत. मग शेंदूर तेलात कालवून त्याचा पातळ हात क्रँकवर फिरवावयाचा, बेअरिंग बसवून क्रँक एकदा फिरवावयाचा, काढावयाचा आणि जेथे जेथे तांबडा ठिपका उमटला असेल तेथे तेथे तासणीने हलकेच खरवडावयाचे. पुन्हा शेंदूर, पुन्हा फेरा, पुन्हा खरवडणे. सारा पृष्ठभाग सारखा तांबडा होईपर्यंत हे चाले आणि त्यास दोन दोन दिवस लागत. हे काम करणाऱ्यांस वाचता येत नसले तरी केसाच्या जाडीचा फरक बोटास कळे. अशा विद्येचे ग्रंथ नसतात. ती हातातून हातात जाते आणि हात थांबला की संपते.

युद्धकाळाची हकीकत घरच्या वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेली आहे. १९४१ साली पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाल्यावर गाड्यांच्या मागे लोखंडी भट्टी बसवून लाकडी कोळशाच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. या वायूने इंजिनाची शक्ती बरीच घटे. त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी उतारूंस खाली उतरवीत आणि ते पायी चढून गाडीस माथ्यावर गाठीत. भट्टी पेटवावयास पहाटे उठावे लागे, राख व डांबर इंजिनात जाई आणि बंद जागेत तो वायू प्राणघातक ठरे. तरीही घाटावरचा माल खाली आला, हे या गाड्यांच्या व माणसांच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

येथे साधनपरीक्षेचा एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. आमची गाडी आजोबांनी १९३८ साली नवी कोरी विकत घेतली, अशी घरात पक्की परंपरा होती. प्रस्तुत लेखकही ती पुष्कळ वर्षे सांगत आला. पुढे जुन्या पेटीत गाडीचे एक छायाचित्र सापडले. त्यात गाडीचे नाक चपटे, पत्र्याचे, सरळ उतरते असे दिसते. बेडफर्डची ही घडण लष्कराकरिता तयार झालेल्या गाड्यांची असून ती युद्धाच्या आरंभानंतरची आहे. १९३८ साली असे नाक असलेली गाडी अस्तित्वातच नव्हती. तेव्हा ही गाडी लष्कराची, आणि १९४५ नंतर ज्या हजारो गाड्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या त्यांपैकी एक, हे उघड झाले. घरची परंपरा खोटे बोलत होती असे नव्हे; आजोबांची आधीची एखादी गाडी व ही गाडी यांची स्मरणात सरमिसळ झाली असावी. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्रास अधिक मान का दिला, हे त्या एका छायाचित्राने जितके पटले तितके पुस्तकांनी पटले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली, ती तीस आसनांची बेडफर्डच होती. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात असल्यामुळे येथील सरकारी मोटारसेवा निराळी होती. ती १९६१ साली महाराष्ट्राच्या एस. टी. त विलीन झाली. शेजारच्या निजामी मुलखात तर १९३२ सालीच रेल्वेखात्याने २७ गाड्यांनिशी मोटारसेवा काढली होती. त्या ग्लासगोच्या ॲल्बियन कंपनीच्या होत्या, आणि त्यांपैकी एक हैदराबादेत जतन करून ठेवली आहे. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतील जुळणी बंद केली. त्याच वर्षी टाटांची डिझेल गाडी निघाली. डिझेलपुढे पेट्रोलच्या मालमोटारीचा टिकाव लागणे शक्य नव्हते. सुटे भाग मिळेनासे झाले, आणि एका गाडीचे अवयव काढून दुसरी जगविण्याचा काळ आला. आमची गाडी अशाच एका गाडीस जगविण्याकरिता मोडली गेली. उरलेला सांगाडा भंगारात गेला.

तिची वही मात्र दीर्घकाळ घरात होती. कोणत्या तारखेस कोठून कोठे, काय माल, किती भाडे, काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, हे सर्व तीत मोडीमिश्रित अक्षरांत लिहिलेले असे. घर रंगविण्याच्या वेळी ती वही इतर कागदांबरोबर रद्दीत गेली. ती देणारा हात प्रस्तुत लेखकाचाच होता. त्या वेळी तीत इतिहास आहे असे वाटले नाही. घाटावरच्या दोन तालुक्यांच्या व्यापाराचा पंचवीसेक वर्षांचा जमाखर्च अशा रीतीने शेराच्या भावाने विकला गेला, ही कबुली येथे दिलेली बरी.

याचे कारण असे की, ही चूक आजही घडत आहे आणि आता ती कायद्याच्या आधारानेही घडू शकते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांस विशेष नोंदणी देणारे नियम केले. पण ते दुचाक्या व खासगी प्रवासी मोटारी यांपुरतेच आहेत. मालमोटारीस त्यात जागा नाही. संस्थानिकाची हौसेची मोटार त्या नियमांच्या आश्रयाने टिकेल. जिने शेतकऱ्याचा कापूस घाटाखाली आणला ती मात्र मोडीत जाईल. याच न्यायाने इतिहास लिहिला गेल्यास त्यात स्वार दिसतील, ओझे वाहणारे दिसणार नाहीत.

यास्तव जिल्ह्यातील अभ्यासकांस विनंती आहे की, जुने परवाने, गाडीच्या वह्या, भाड्याच्या पावत्या व छायाचित्रे यांच्या प्रती काढून ठेवाव्या. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर येथील जुन्या मिस्त्र्यांच्या हकीकती त्यांच्याच शब्दांत उतरून घ्याव्या आणि त्या कागदांशी ताडून पाहाव्या. वृद्ध मिस्त्री फार उरलेले नाहीत. कागद थोडा काळ वाट पाहतो; माणूस पाहत नाही.