मावळ्याच्या चेहऱ्याचा रंग

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मावळे आम्ही बिनरंगाचे आणायचो, कारण रंगवलेले महाग पडायचे. अळीव पेरणं हे ताईचं काम आणि मावळे रंगवणं माझं. माझ्या रंगपेटीत एका ट्यूबवर 'फ्लेश टिंट' असं लिहिलेलं होतं. आत फिकट गुलाबी रंग. फ्लेश म्हणजे अंग, म्हणजे हाच अंगाचा रंग, एवढं इंग्रजी मला तेव्हा येत होतं. मी बाराच्या बारा मावळ्यांना तोच फासला. ताईने त्यातला एक उचलला, स्वतःच्या मनगटाशेजारी धरला आणि म्हणाली, "यातला एक तरी आपल्या घरातला वाटतो का रे?"

मला तेव्हा राग आला होता. ट्यूबवर लिहिलंय ते चूक कसं असेल?

आता मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या मूर्ती रंगवतो. त्यांचा चेहरा तुरीच्या डाळीएवढा असतो. त्या डाळीएवढ्या जागेवर कुठला रंग लावायचा, या प्रश्नाला चांगलाच मोठा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. धातू कमी लागायचा, त्यामुळे किंमत उतरली आणि खेळण्यातलं सैन्य मध्यमवर्गीय घरांत पोचलं. साम्राज्याची फौज म्हटल्यावर तिच्यात हिंदी पलटणीही आल्या. गोऱ्या शिपायांचे चेहरे गुलाबी, हिंदी शिपायांचे तपकिरी. फेटे, गणवेश, बिल्ले वेगवेगळे; चेहऱ्याला मात्र 'आपला' आणि 'त्यांचा' असे दोनच रंग पुरायचे.

पुढे लोक घरी मूर्ती रंगवू लागले, तेव्हा डबीवर नाव छापायची वेळ आली. हंब्रोलच्या एकसष्ट नंबरच्या डबीवर नुसतं 'फ्लेश' असायचं. अमेरिकेत क्रेयोलाच्या एका खडूचंही तेच नाव होतं. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६२मध्ये, कंपनीने ते बदलून 'पीच' केलं. रंग तोच राहिला, फक्त तो कोणाच्या अंगाचा, हा दावा मागे घेतला गेला. त्वचेच्या चोवीस छटांची वेगळी पेटी यायला २०२० उजाडलं.

मूर्तिकामात मजा आणखी पुढची आहे. सिटाडेलच्या जुन्या रंगांत 'ड्वार्फ फ्लेश' आणि 'एल्फ फ्लेश' होते. म्हणजे जगात नसलेल्या बुटक्यांना आणि पऱ्यांच्या भाऊबंदांना स्वतःच्या अंगाचा रंग होता. काळा माणूस रंगवायचा तर हात 'स्कॉर्च्ड ब्राऊन' किंवा 'बेस्टियल ब्राऊन'कडे जायचा. एक करपलेला, दुसरा पाशवी. २०१२मध्ये कंपनीने सगळी रंगमालिकाच बदलली आणि ती नावं गेली. कोणी मुद्दाम अपमान करायला बसलं होतं असं मला वाटत नाही. आम्ही कोडमध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू ठेवतो तसंच हे. ठेवणाऱ्याला ती दिसतही नाही, कारण ती त्याची स्वतःचीच असते.

मग छटा वाढवल्या की प्रश्न सुटला का? मलाही तसंच वाटायचं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो आणि अडखळलो.

हे संग्रहालय १८७२मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, निरनिराळ्या जमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या. बंगालमधल्या कृष्णनगरच्या कुंभारांनी केलेल्या अशा मूर्ती १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मांडल्या होत्या. काम इतकं बारीक की आपण काचेला नाक लावून बघत राहतो. इथे एकच गुलाबी रंग नाही. गव्हाळ आहे, तांबूस आहे, गडद आहे. पण प्रत्येक मूर्ती एका अख्ख्या गटाच्या वतीने उभी आहे. अमुक जमात म्हणजे असा पोशाख, असं नाक, असा रंग. माणसाला नाव नाही, फक्त प्रकार आहे.

त्याच काळात माणसं मोजायची हौस शिगेला पोचली होती. फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाने काचेच्या छत्तीस रंगीत चकत्या केल्या. चकती अंगाला लावायची, रंग जुळला की नंबर लिहायचा. तोही शक्यतो उन्हाने न रापलेल्या जागेचा.

मला आमचे आबा आठवले. जन्मभर शेतात राबलेले. टोपी काढली की कपाळावर सरळ रेघ दिसायची. वरचं कपाळ गव्हाळ, खालचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा, मान त्याहून गडद, तळहात फिके. त्यांना लुशानने कुठला नंबर दिला असता? आणि जिथे त्यांचं आयुष्य उमटलं होतं, नेमकी तीच जागा मोजायची नाही?

ही मोजदाद संपली असं समजू नका. ताईच्या लग्नाच्या बायोडेटात आईने 'सावळी' खोडून 'गहूवर्णी' लिहिलं होतं. ताईने ते वाचलं आणि काहीच बोलली नाही. मनगटाशेजारी धरलेला मावळा मला त्या दिवशी कळला.

ब्रशने शिकवलेली गोष्ट साधी आहे: त्वचा हा एक रंग नसतो. सावळा चेहरा रंगवताना तपकिरीत काळा मिसळला की तो मरतो, आणि उजेडासाठी पांढरा मिसळला की राख फासल्यासारखा दिसतो. सावलीला तपकिरीत थोडा गडद निळा किंवा जांभळा लागतो. उजेडाला पिवळी माती आणि किंचित नारिंगी. ओठ, नाकाचा शेंडा आणि कान जरा लालसर. तळहात फिके ठेवायचे. गडद त्वचेवर उजेड चमकतो, म्हणून गालाच्या हाडावर आणि कपाळावर शेवटचे ठिपके लहान पण ठळक द्यायचे. तुरीच्या डाळीएवढ्या जागेत सहा-सात रंग सहज बसतात. 'फ्लेश टिंट'सुद्धा वापरतो मी, इतर रंगांसारखाच, मिसळायला.

गेल्या दिवाळीत ताईच्या मुलाच्या किल्ल्यासाठी बारा मावळे रंगवायला घेतले. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं केलं. एकाच्या पगडीखाली, कपाळावर, फिकट रेघ ठेवली. ताईने तो उचलला, सवयीने मनगटाशेजारी धरला आणि मग डोळ्यांजवळ नेला.

"आबा," ती म्हणाली.

मुलाने विचारलं, कोण आबा? ती त्याला सांगत बसली. मी पुढच्या मावळ्यासाठी ब्रश धुतला.