अँड्रॉइडमधील जावा नेटिव्ह इंटरफेस

जावा नेटिव्ह इंटरफेस (जेएनआय) ही जावा किंवा कोटलिन भाषेत लिहिलेल्या उपयोजनांना सी, सी++ अशा भाषांतील लायब्ररी वापरता याव्यात यासाठीची जोडव्यवस्था आहे. अँड्रॉइड उपयोजनातील बाइटकोड अँड्रॉइड रनटाइमच्या (एआरटी) देखरेखीखाली चालतो, तर नेटिव्ह लायब्ररी प्रोसेसरच्या यंत्रभाषेत आधीच भाषांतरित केलेली असते. या दोहोंमधील देवाणघेवाणीचे नियम जेएनआय ठरवते. खेळ, ध्वनी व चित्रफितींवरील प्रक्रिया तसेच अन्य प्रणालींसाठी आधीच लिहिलेल्या कोडचा पुनर्वापर ही तिच्या उपयोगाची प्रमुख क्षेत्रे आहेत.

== इतिहास ==
जेएनआय १९९७ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेडीके १.१ या आवृत्तीत उपलब्ध झाली. गूगलने अँड्रॉइडसाठी नेटिव्ह डेव्हलपमेंट किट (एनडीके) जून २००९ मध्ये प्रसिद्ध केले. २०१४ मधील अँड्रॉइड ५.० पासून डाल्विक या आभासी यंत्राची जागा एआरटीने घेतली.

== कार्यपद्धती ==
जावामध्ये 'नेटिव्ह' हा शब्द लावून पद्धत घोषित केली जाते. तिचा प्रत्यक्ष कोड 'एसओ' प्रकारच्या फाइलमध्ये असतो. उपयोजन ही फाइल स्मृतीत चढवते व पद्धतीच्या नावावरून किंवा स्पष्ट नोंदणीद्वारे दोहोंची सांगड घातली जाते. यंत्रभाषा प्रोसेसरनुसार बदलत असल्याने ३२-बिट व ६४-बिट एआरएम, तसेच एक्स८६ यांसाठी वेगवेगळ्या फाइली तयार कराव्या लागतात. गूगल प्लेवर नेटिव्ह कोड असलेल्या उपयोजनांना १ ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट आवृत्ती देणे बंधनकारक झाले.

मजकूर पाठवताना जेएनआय 'सुधारित यूटीएफ-८' वापरते. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'मराठी' हा शब्द जावाच्या मोजणीने ५ एककांचा, तर सीमेपलीकडे १५ बाइटांचा होतो. अक्षरसंख्येवरून जागा राखून ठेवल्यास ती अपुरी पडते व लगतच्या स्मृतीवर लिहिले जाण्याचा धोका निर्माण होतो.

== मर्यादा ==
जावा वस्तूंची स्मृती गार्बेज कलेक्टर मोकळी करतो. नेटिव्ह कोडने स्वतः घेतलेल्या स्मृतीची जबाबदारी मात्र प्रोग्रामरवर असते. नेटिव्ह पद्धतीला मिळालेला जावा वस्तूचा स्थानिक संदर्भ ती पद्धत संपताच अवैध ठरतो. तो पुढे वापरायचा असल्यास जागतिक संदर्भ तयार करावा लागतो.

२०११ मधील अँड्रॉइड ४.० पूर्वी स्थानिक संदर्भ हे वस्तूचे थेट पत्ते असत. त्यामुळे हा नियम मोडणारी उपयोजनेही बहुधा सुरळीत चालत. ४.० मध्ये पत्त्यांऐवजी अप्रत्यक्ष संदर्भ आल्यावर असे दडलेले दोष उघड झाले. जुन्या उपयोजनांसाठी गूगलला सुसंगततेची वेगळी सोय ठेवावी लागली.

सीमा ओलांडण्याला वेळ लागतो. म्हणून लहान कामासाठी वारंवार नेटिव्ह पद्धत बोलावल्यास वेग वाढण्याऐवजी घटू शकतो.

== सुरक्षा ==
जावातील चूक सहसा अपवाद म्हणून हाताळता येते. नेटिव्ह कोडमधील अवैध स्मृतिवापराने मात्र संपूर्ण उपयोजन बंद पडू शकते किंवा आक्रमकास प्रवेश मिळू शकतो. २०१५ मध्ये उघड झालेले 'स्टेजफ्राइट' दोष अँड्रॉइडच्याच सी++ मधील माध्यम-लायब्ररीत होते. २०२१ मध्ये गूगलने अँड्रॉइड प्रणालीच्या विकासासाठी रस्ट या स्मृतिसुरक्षित भाषेला पाठबळ जाहीर केले. गूगलच्या माहितीनुसार अँड्रॉइडमधील एकूण सुरक्षादोषांत स्मृतिदोषांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते. २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले.