क्रिटिकल इलनेस इन्शुरन्स म्हणजे काय? यात नेमकं काय कव्हर होतं?

ॲपवरून टर्म प्लॅन घेताना शेवटी एक टिक बॉक्स येतो: 'क्रिटिकल इलनेस कव्हर जोडा'. प्रीमियम थोडाच वाढतो, म्हणून आपण टिक करून मोकळे होतो. 'आय ॲग्री' वाचून दाबणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पण इथे ते वाचायलाच हवं.

हेल्थ इन्शुरन्स हॉस्पिटलचं बिल भरतो. क्रिटिकल इलनेसमध्ये बिल कितीचं झालं याला महत्त्व नसतं. यादीतल्या आजाराचं निदान झालं आणि अटी जुळल्या की ठरलेली रक्कम, समजा 10 लाख, एकदम मिळते. उपचार, घराचा ईएमआय, बिनपगारी रजा, कशावरही वापरा. एकदा पूर्ण रक्कम मिळाली की हे कव्हर बहुतेक वेळा तिथेच संपतं. डेंग्यू किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी याचा उपयोग नाही. त्यामुळे हे घेतलं म्हणून हेल्थ इन्शुरन्स बंद करू नका.

खरी मेख आहे ती आजाराच्या व्याख्येत. प्रमुख आजारांच्या व्याख्या आयआरडीएआयने ठरवून दिल्यात आणि त्या कडक आहेत. यादीत 'कॅन्सर' दिसतो, पण पॉलिसीत पुढे 'ऑफ स्पेसिफाइड सिव्हिरिटी' असे शब्द असतात. म्हणजे अगदी सुरुवातीचा, जागेवरच असलेला कॅन्सर (कार्सिनोमा इन सिटू) त्यात बसत नाही. स्ट्रोकचा परिणाम किमान 3 महिने टिकून कायमचा असल्याचा पुरावा लागतो, मिनी स्ट्रोक चालत नाही. हार्ट अटॅकसाठी ईसीजीत नवे बदल आणि रक्तात वाढलेले मार्कर दाखवावे लागतात. नुसत्या अँजायनाच्या दुखण्यावर क्लेम मिळत नाही. काही प्लॅन सुरुवातीच्या टप्प्यालाही थोडी रक्कम देतात, पण ते पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं.

दिवसांचं गणितही आहे. साधारण पहिल्या 90 दिवसांत आजार निघाला तर क्लेम नाही. शिवाय अनेक पॉलिसींमध्ये निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याचदा 30, रुग्ण जिवंत असावा लागतो. ही अट वाचताना विचित्र वाटते, पण घरच्यांना ती माहीत हवी.

म्हणून पैसे भरण्याआधी 'पॉलिसी वर्डिंग्ज'ची पीडीएफ डाउनलोड करा आणि त्यात 'सर्व्हायव्हल', 'वेटिंग' आणि 'एक्सक्लूजन' हे शब्द इंग्रजीत सर्च करा. बीपी, शुगर, सिगारेट फॉर्ममध्ये लपवू नका. घेऊन झाल्यावर पटलं नाही तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.