मोतीबिंदू शस्त्रक्रियेपूर्वीची रुग्णपरीक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावरील शलाकाकर्माबरोबरच कोणत्या डोळ्यास शस्त्र लावू नये, हेही सांगितले आहे. दोष अर्धचंद्र, घर्मबिंदू वा मोत्याच्या आकाराचा, कठीण, विषम, रेषायुक्त, वेदनायुक्त किंवा रक्तवर्ण असल्यास कर्म वर्ज्य. निवडीची ही शिस्त शस्त्रकौशल्याइतकीच मोलाची मानावी लागेल.

आधुनिक काळात चाचण्या वाढल्या. परंतु २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांच्या अभ्यासात सरसकट रक्ततपासणी व हृदयालेखामुळे शारीरिक गुंतागुंत घटल्याचे आढळले नाही. उलट २००५ मध्ये चँग व कॅम्पबेल यांनी प्रोस्टेटवरील टॅम्सुलोसिन या औषधाचा परितारिकेच्या शैथिल्याशी संबंध दाखविला. अशा डोळ्यात शस्त्रक्रिया चालू असतानाच बाहुली आकसते. औषध आधी थांबवूनही धोका टळेलच असे नाही; मात्र रुग्णाला पूर्वीच विचारल्यास शल्यविशारद तयारीनिशी उभा राहतो.