खराऱ्याचा हात

दिवाळीच्या पहाटे घरात तेल-उटण्याचा वास सुटला, की मला हटकून मांजरीच्या आमच्या गोठ्यातली घोडी आठवते. पोरांची अभ्यंगस्नाने व्हायच्या आधीच आजोबा खरारा घेऊन तिच्याजवळ उभे राहत आणि उजाडेपर्यंत तिचे अंग आरशासारखे चकाकू लागे.

वाचक म्हणतील, घोड्याच्या केसांत इतिहास तो कसला? पण मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला असे आपण अभिमानाने सांगतो. त्या पाठीची निगा कोण राखी, हे मात्र कधी विचारीत नाही. मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. याच भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ठेंगणी, काटक भीमथडी तट्टे मराठी फौजेचा मोठा आधार होती.

फौजेचे वर्षही घोड्याच्या कलानेच चाले. पावसाळ्यात छावणीस यावे आणि दसऱ्याला मुलूखगिरीस निघावे, हा शिवकालीन दंडक सभासदाने नोंदविला आहे. पागेतील 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हेही तोच सांगतो. 1673-74च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना धाडलेल्या पत्रात शिवाजीमहाराजांनी बजावले, की दाणा-वैरण आताच उधळाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि शिपाई रयतेच्या घरात शिरतील. घोड्याच्या पोटाशी रयतेचे सुख असे बांधलेले होते!

चार महिन्यांच्या या विसाव्याला निसर्गाचीही साथ असे. घोड्याची कात थंडीने नव्हे, तर मुख्यतः दिवसाच्या लांबीने बदलते. जूननंतर दिवस लहान होऊ लागले, की हिवाळी केसांची तयारी सुरू होते आणि संक्रांतीनंतर, दिवस वाढू लागल्यावर, ते गळू लागतात. शिमग्याच्या सुमारास एकेका खराऱ्याला केसांचे पुंजके निघतात ते यामुळे. आयाळ आणि शेपूट मात्र अशी ऋतूनुसार झडत नाहीत. ती बोटांनी सोडवावी, खसाखसा ओढू नये. माश्या हाकलायला घोड्याला तीच तर उपयोगी पडतात.

पावसाळा हा खरा परीक्षेचा काळ. भिजलेल्या केसांखाली ओल कोंडते, खपल्या धरतात, त्वचा चिघळते. म्हणून आजोबांचा नियम होता : आधी वाळव, मग खरारा. साबणालाही त्यांचा विरोध असे. अंगचे तेल धुऊन गेले, की पाणी निथळत नाही, असे ते म्हणत.

एका श्रावणात मी तो नियम मोडला. भिजून आलेल्या घोडीवर घाईने वरवर हात फिरवला आणि खोगीर चढवून मिरवायला नेली. संध्याकाळी आजोबांनी तिच्या पाठीवरून तळहात फिरवला आणि एका जागी ते थांबले. केसांखाली लाल, ओली जखम होती. मला काहीच दिसले नव्हते. ते रागावले नाहीत. माझा हात धरून त्या जागेच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "ऊन लागतंय? हे डोळ्यांना दिसत नसतं, बाळा." खोगीरभरती हा शब्द आपण आज माणसांसाठी थट्टेने वापरतो; पण खोगिरातली भरती एकीकडे गोळा झाली, की पाठ कशी सोलते, ते मी त्या दिवशी पाहिले. महिनाभर तिच्यावर जीन चढले नाही.

पुढे मांजरीत ऊस आणि द्राक्षांच्या संशोधनसंस्था आल्या. शर्यतीच्या घोड्यांची पैदासही या भागात झाली. 1946 साली सुरू झालेल्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदाशीतील निवृत्त घोडे लशी-सिरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. त्यातूनच 1966 साली सायरस पूनावाला यांनी सिरम इन्स्टिट्यूट उभारली. धनुर्वातावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळे. रणांगणावर माणसाला वाहून नेणारा हा प्राणी असा रोगाशी लढायलाही धावून आला.

आमच्या गोठ्यात आता घोडी नाही. आजोबांचा खरारा मात्र देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. त्याचे दाते झिजून बोथट झाले आहेत. यंदा उटणे लावताना मी नातवाला तो दाखवला. त्याने विचारले, "आजोबा, याने घोड्याला दुखत नाही?" मी त्याचा तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हटले, "हात कसा फिरतो, त्यावर आहे."