कुत्र्याची जात विचारणारा कायदा

आज दोन कुत्र्यांची गोष्ट सांगायची आहे. खरं तर ती कुत्र्यांची म्हणावी की कायद्याची, ते तुम्हीच ठरवा.

पहिलीचं नाव डेम्प्सी. लंडनची पिट बुल टेरियर. १९९२ च्या एप्रिलमध्ये मालकिणीच्या ओळखीतला एक जण तिला फिरवायला घेऊन गेला होता. वाटेत तिला मळमळायला लागलं म्हणून त्याने तिचं मझल काढलं. (मझल म्हणजे आपलं मुसकं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते.) नेमकं तेव्हाच पोलिसांनी पाहिलं. ती कुणाला चावली नव्हती. सार्वजनिक जागी पिट बुलचं तोंड मोकळं होतं, एवढाच गुन्हा. न्यायालयाने तिला मारून टाकण्याचा हुकूम दिला. मग अपिलांवर अपिलं झाली. ब्रिजित बार्दोने तिला फ्रान्समध्ये आसरा द्यायची तयारी दाखवली. तीन वर्षं ती बिचारी मालकिणीपासून दूर, कोंडून. १९९५ मध्ये सुटली, तीही तांत्रिक मुद्द्यावर: मालकिणीला मूळ सुनावणीची सूचनाच मिळाली नव्हती!

दुसरी डॉटी. इंग्लिश बुल टेरियर, आणि मालकीण कोण, तर राजकन्या अ‍ॅन. २००२ च्या एप्रिलमध्ये विंडसरच्या बागेत डॉटी दोन मुलांना चावली. नोव्हेंबरमध्ये राजकन्येने न्यायालयात गुन्हा कबूल केला, ५०० पौंड दंड भरला. डॉटीला बाहेर नेताना पट्टा लावायचा आणि तिला शिकवणी द्यायची, असा हुकूम झाला. बस्स.

न चावलेली तीन वर्षं मरणाच्या दारात, आणि चावलेली घरी. राजघराण्याचा वशिला म्हणाल, तर तसं नाही. दोन्ही खटले एकाच कायद्याखालचे, फक्त कलमं वेगळी.

हा कायदा म्हणजे ब्रिटनचा १९९१ चा 'डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट'. त्या वर्षी मे महिन्यात ब्रॅडफर्डमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर पिट बुलने भयानक हल्ला केला. त्याच महिन्यात लिंकनमध्ये एका माणसाच्या चेहर्‍याचे दोन पिट बुलनी लचके तोडले. वर्तमानपत्रांत फोटो आले, देश हादरला. हादरायलाच हवा होता. त्या मुलीचं दुखणं खोटं नव्हतं, आणि अशा वेळी 'कुत्र्याचा काय दोष' असं म्हणणार्‍यांचा मला राग येतो. गृहमंत्री होते केनेथ बेकर. त्यांनी सव्वादोन महिन्यांत कायदा करून घेतला. जुलैअखेर राणीची मोहोर उठली आणि १२ ऑगस्टपासून अंमल सुरू.

त्याच्या पहिल्या कलमात चार जाती: पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. यातल्या पिट बुल सोडून बाकीच्या तिन्ही ब्रिटनमध्ये जवळजवळ नव्हत्याच. उलट १९८९ मध्ये स्कॉटलंडात ११ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला होता रॉटवायलर कुत्र्यांनी, आणि रॉटवायलर यादीत नाही! तो घरोघरी होता, मतदारांच्या सोफ्यावर बसत होता. हे कारण अर्थातच कुणी लिहून ठेवलेलं नाही, मीच काढतोय.

तिसरं कलम मात्र शहाणं होतं. कुठल्याही जातीचा कुत्रा सार्वजनिक जागी आवरेनासा झाला तर मालक गुन्हेगार. राजकन्या अ‍ॅन सापडली ती याच कलमात. डेम्प्सी सापडली पहिल्यात.

पहिल्या कलमाची खरी गंमत पुढेच आहे. पिट बुल ओळखायचा कसा? ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात मानलेलीच नव्हती, तेव्हा वंशावळीचे कागद कुठून येणार? म्हणून कायद्यात शब्द घातला 'प्रकार'. १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की 'प्रकार' हा 'जाती'पेक्षा मोठा शब्द आहे. कुत्र्यात पिट बुलची बरीचशी लक्षणं दिसली तरी पुरे. ती लक्षणं घेतली एका अमेरिकन संघटनेच्या १९७७ सालच्या वर्णनातून. म्हणजे पोलिसांनी टेप घेऊन कुत्र्याचं डोकं, छाती, पाय मोजायचे. आई लॅब्राडॉर असली तरी उपयोग नाही, मापं जुळली की संपलं. आणि आपला कुत्रा त्यातला नाही हे सिद्ध करायचं कुणी? मालकाने. हुकूम निघाला की मरण ठरलेलं. न्यायाधीशाला मागेपुढे बघायची मुभा मिळाली ती १९९७ च्या दुरुस्तीने.

हे वाचताना मराठी माणसाला 'जात' हा शब्द टोचतो. इंग्रजीत ब्रीड वेगळं, कास्ट वेगळं. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द.

आणि इथे एक साल आडवं येतं. १८७१. त्या वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटने कुत्र्यांचा एक जुना, साधा कायदा केला. एखादा कुत्रा धोकादायक आहे आणि मालक त्याला नीट आवरत नाही अशी तक्रार आली, तर मॅजिस्ट्रेटने ती ऐकायची, आणि मालकाला 'आवर घाल' म्हणायचं किंवा कुत्रा मारायचा हुकूम द्यायचा. जातीचा उल्लेखही नाही. हा कुत्रा, याचं वागणं, याचा मालक. त्याच १८७१ मध्ये त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' आणला. त्यात अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, माणसाने काही केलेलं असो वा नसो. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि आपल्याकडच्या पारध्यांनी त्याचा जाच भोगला. १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुसलेला नाही. कुणी गैरसमज करून घेऊ नका, मी माणसांची तुलना कुत्र्यांशी करत नाही. लंडनच्या कुत्र्याला जी वैयक्तिक चौकशी मिळत होती ती इथल्या माणसाला मिळत नव्हती, एवढंच सांगतोय. आणि १२० वर्षांनी तिथल्या कुत्र्याचीही ती गेली.

असो. ब्रिटनकडे वळू. १९८७ पर्यंत तिथे कुत्र्याला लायसन लागायचं. शुल्क अवघे ३७ पेन्स, वसुलीचा खर्चही निघेना, म्हणून बंद केलं. चार वर्षांनी संकट आलं तेव्हा कुठला कुत्रा कुणाचा याची वहीच हातात नव्हती. नोंदणी पुन्हा सुरू करा, असं प्राण्यांसाठी काम करणार्‍या संस्था सांगत होत्या. सरकारने यादी पसंत केली. यादी स्वस्त पडते.

तिसरं कलम सार्वजनिक जागेपुरतं होतं. घराच्या आतल्या हल्ल्यांना ते लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्याच सुमारास, कुत्र्याने जीव घेतला तर मालकाला १४ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. बंदी असूनही लोकांना दांडगा, दबदबा असलेला कुत्रा हवाच होता, मग पैदास करणार्‍यांनी अमेरिकन एक्सएल बुली पुरवला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तोही यादीत. पुन्हा टेप निघाली: नर २० इंचांपासून, मादी १९ इंचांपासून. बत्तीस वर्षांत यादी चाराची पाच झाली. हॉलंडने मात्र आपली पिट बुलबंदी २००८ मध्ये उठवली होती.

मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा जास्त होते, हे मला मान्य आहे. म्हणून अशा कुत्र्याच्या मालकाकडून विमा, मझल, पट्टा मागावा. ब्रिटनमध्ये सूट मिळवलेल्या कुत्र्यांना हे सगळं लागतंच. माझी तक्रार त्यावर नाही. पट्टा धरणार्‍या हाताची चौकशी सुटते, त्यावर आहे.

आता आपल्याकडे. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिट बुलने एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा जीव घेतला. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवलं: या तेवीस जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाना देऊ नका. ती यादी जरूर वाचा. त्यात 'टोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी टोसा'ही आहे. एकच कुत्रा दोनदा! शिवाय एक नोंद नुसतीच 'टेरियर्स', म्हणजे मांडीवर मावणारा यॉर्कीसुद्धा आला. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नव्हतं, हे त्याचं मुख्य कारण.

पत्र रद्द झालं म्हणून मालक मोकळे सुटले, असा निष्कर्ष आमच्या नात्यातल्या एका उत्साही रॉटवायलरवाल्याने काढला आहे. त्याच्यासाठी (तू वाचतोस हे मला ठाऊक आहे) लिहितो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी जो घेणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ झालं. कैद तेवढीच राहिली, दंडाची मर्यादा हजाराची पाच हजार झाली. प्राणी कुठला, हे तेव्हाही लिहिलं नव्हतं आणि आताही नाही.