परिणामी फ्लँज-रुंदी (टी-बीमची)

प्रबलित काँक्रीटच्या टी-बीमसोबत दाब घेणारी म्हणून हिशेबात धरायची स्लॅबची रुंदी. बीम व स्लॅब एकसंध भरल्यावर स्लॅबचा पट्टा (फ्लँज) आणि त्याखालचा बीमचा भाग (वेब) मिळून टी आकाराचा छेद होतो. फ्रांस्वा एनबिक यांनी १८९२ मध्ये अशा एकसंध रचनेचे पेटंट घेतले.

तत्त्व : वेबकडून स्लॅबमध्ये दाब शिअरद्वारे पसरतो. म्हणून तो वेबलगत सर्वाधिक असतो व दूर जाताना घटत जातो (शिअर लॅग). हाच दाब कमाल मूल्याने सर्वत्र सारखा मानल्यास एकूण बल तेवढेच भरेल, ती परिणामी रुंदी. तिची गणिती उपपत्ती थिओडोर फॉन कार्मान यांनी १९२४ च्या सुमारास मांडली.

भारतीय मानक : आयएस ४५६ : २०००, कलम २३.१.२ प्रमाणे

टी-बीम : ल/६ + व + ६ज
एल-बीम : ल/१२ + व + ३ज

ल = शून्य-आघूर्ण बिंदूंमधील अंतर (सलग बीमसाठी परिणामी गाळ्याच्या ०.७ पट), व = वेबची रुंदी, ज = स्लॅबची जाडी. उत्तर वेबची रुंदी अधिक दोन्ही बाजूंच्या मोकळ्या अंतरांच्या बेरजेची निम्मी, यापेक्षा जास्त धरता येत नाही. सुट्या बीमसाठी वेगळे सूत्र आहे.

उदाहरण : सलग बीम, गाळा ६ मी., नऊ इंची भिंतीत बसणारी वेब २३० मिमी, स्लॅब १२० मिमी, बीम ३ मी. अंतराने. ल = ४,२०० मिमी; रुंदी = ७०० + २३० + ७२० = १,६५० मिमी. मर्यादा ३,००० मिमी, म्हणून १,६५० ग्राह्य. तोच बीम साध्या आधारांवर असता, तर १,९५० मिमी मिळाली असती.

अटी : स्लॅबच्या मुख्य सळया बीमला समांतर असल्यास बीमवरून आडव्या सळया घालाव्या लागतात, त्यांचे प्रमाण स्लॅबच्या मध्यावरील मुख्य सळयांच्या किमान ६० टक्के. या सळया गाळल्या, तर कागदावरची १,६५० मिमी रुंदी प्रत्यक्ष बीमला लाभत नाही. सळया तपासताना हे आवर्जून पाहावे. सलग बीमच्या आधारावर स्लॅब ताणात जातो. तेथे फक्त वेबची रुंदी धरून आयताकृती छेद म्हणून संकल्पन करतात.

अन्य मानके : एसीआय ३१८ व युरोकोड २ यांत प्रत्येक बाजूची रुंदी स्वतंत्रपणे काढतात.